प्रात्यक्षिकाचं शेत

नारळी पौर्णिमेच्या दुपारी साडेबाराच्या उधाणाला गोराईच्या खाडीकडचा बांध फुटला. त्या वेळी वनमाला किणी घरात नारळीभाताला गूळ घालत होती. कोळीवाड्यात मिरवणुकीची तयारी चालली होती, बेंजोवाले वाजवून बघत होते, आणि त्या गलक्यात पाण्याचा आवाज कुणाच्या कानावर आला नाही. तिचा नवरा काशीराम सणावारीही जेवणाआधी शेतावर एक फेरी मारून यायचा. कांदिवलीच्या कारखान्यात तीस वर्षं पहाऱ्यावर उभं राहून त्याचे गुडघे गेले होते, म्हणून तो नेहमी पावलं मोजल्यासारखा चालायचा. त्या दिवशी तो तसाच, पण धावत आला. दाराच्या चौकटीला धरून उभा राहिला आणि म्हणाला, "बांधाला खांड पडली."

वनमालानं गॅस बंद केला, पदर खोचला, पडवीतलं घमेलं उचललं आणि निघाली.

बांधाजवळ पोचली तेव्हा दोन हात रुंदीची खांड बैलगाडी जाईल एवढी झाली होती. खाडीचं गढूळ पाणी तिवरांमधून वळसे घेत आत येत होतं आणि पोटरीएवढ्या भातावरून सपाट पसरत होतं. भरती असेपर्यंत काही करता येत नाही, हे लहानपणापासून ठाऊक असूनही ती कडेला उभं राहून ढेकळं टाकत राहिली. ढेकूळ पडायचं आणि दिसेनासं व्हायचं.

त्या बांधामागे एके काळी चौदा घरांची खारजमीन होती. आता सहा घरं पेरत होती. बाकीच्यांनी कुणी जमीन पडीक टाकली होती, कुणी तिच्यावर लग्नाचे लॉन आणि शनिवार-रविवारचे बंगले उठवले होते. बांध सरकारी. दुरुस्तीचा अर्ज केला की उत्तर यायचं, की या भागात आता लागवड होत नाही असं दिसतं. भात डोळ्यांसमोर उभं असताना कागद असं बोलायचा.

म्हणूनच जूनमध्ये कृषी विद्यापीठाच्या विस्तार केंद्रातून सुबोध आला तेव्हा वनमालाला बरं वाटलं होतं. सत्तावीस-अठ्ठावीसचा, वाकोल्याला चाळीत वाढलेला मुलगा. बाप गिरणीत होता, मूळ गाव देवगडकडचं. अकरा महिन्यांच्या करारावर नोकरीला होता. खारजमिनीत तगेल असं नवं भात विद्यापीठानं काढलंय, दहा गुंठ्यांत लावून बघा, बियाणं आणि खत आम्ही देऊ, शेतकरी बाई असेल तर योजनेत आधी घेतात, असं त्यानं समजावून सांगितलं. काशीरामनं विचारलं, आमचा राता काय वाईट आहे? राता म्हणजे त्यांचं जुनं लाल भात, उंच, कुसळाचं, थोडं पिकणारं पण खाऱ्या पाण्याला न डरणारं. सुबोध म्हणाला, वाईट नाही काका, पण हे दुप्पट देईल. मग खालच्या वाफ्यात नवं लागलं, वरच्या अंगाला राता लागला, आणि वाफ्याच्या तोंडाशी निळी पाटी उभी राहिली : प्रात्यक्षिक क्षेत्र, शेतकरी सौ. वनमाला काशीराम किणी. तिचं नाव रेशनकार्ड सोडून कुठे लिहिलेलं तिनं प्रथमच पाहिलं. येणारे-जाणारे तिला 'मॅडम' म्हणून हाक मारायला लागले, आणि ती वरवर चिडायची.

ओहोटी लागल्यावर खांड बुजवायचं काम सुरू झालं. सण असल्यानं माणसं जमेनात. काशीराम, तिचा मुलगा हर्षद, शेजारची विधवा नीला आणि आणखी तिघं-चौघं. नीलाचं शेत खांडीच्या अगदी तोंडाशी. सुरूचे वासे ठोकायचे, मध्ये पेंढ्याच्या पेंड्या, त्यावर चिकणमातीच्या गोणी. सहा तासांत जेवढं व्हायचं त्यातलं अर्धं पुढची भरती नेऊन टाकायची. दुसऱ्या दिवशी सकाळी सुबोध बोरिवलीहून तरीच्या बोटीनं आला. वही काढून नोंद करील आणि जाईल असं वनमालाला वाटलं होतं. त्यानं बूट काढले, पँट गुडघ्यावर दुमडली, मग दुमडायचं सोडून कमरेएवढ्या चिखलात उतरला. त्याला गोणी उचलता येत नव्हती. खांद्यावर घेतली की पाय रुतायचा आणि तो गोणीसकट बसायचा. कोणी हसलं तरी तो उठायचा. तिसऱ्या दिवशी खांड बुजली तेव्हा त्याच्या दोन्ही खांद्यांची सालं निघाली होती. वनमालानं त्याला पडवीत बसवून खोबरेल तेलात हळद कालवून लावली. तो दात आवळून बसला होता आणि तरी म्हणत होता, "मावशी, माझ्या आईला फोनवर काय बोलू नका हां."

बांध बुजला, पण आत शिरलेलं पाणी बाहेर काढायची उघाडी गंजून बसली होती. दार वर होईना. चार दिवस खारं पाणी शेतात उभं राहिलं. नवं भात शेंड्याकडून करपत गेलं; सातव्या दिवशी खालच्या वाफ्यात गवताच्या काड्या उभ्या कराव्यात तसं दिसत होतं. वरच्या अंगाचा राताही पिवळा पडला. मग दोन दिवस धो धो पाऊस लागला, खार धुऊन निघाली, आणि राता हळूहळू हिरवा झाला.

सुबोध मेलेल्या वाफ्याच्या कडेला बसला. मग म्हणाला की बियाणं खोटं नव्हतं, खारवट मातीसाठी होतं. समुद्रच आत येऊन बसला तर ते तरी काय करणार. वनमाला म्हणाली की तेच, बांध असता तर आलं असतं. तिला खरंच तसं वाटत होतं.

दसऱ्यानंतर तो पुन्हा आला तो पडलेला चेहरा घेऊन. चहा घेतला, कप खाली ठेवला, परत उचलला. विद्यापीठातून मोठे साहेब शेतीदिनाला येणार होते. सगळ्या जिल्ह्यात पाच प्रात्यक्षिकं लावली होती, त्यातली तीन गेली होती, एक अजून निसवलंच नव्हतं, लोंबीच धरली नव्हती. साहेबांना खाडीकाठचं शेत बघायचं होतं. बांधाचं खातं चालवणारे अधिकारीही त्यांच्यासोबत येणार होते.

"त्यांनी इथं उभं पीक बघितलं," सुबोध म्हणाला, "तर लागवड होत नाही असं परत कोण लिहिणार नाय. साहेब स्वतः बांधाचं पत्र देतील."

"मग येऊ देत की. राता आहे उभा."

"रात्यासाठी कोण येत नाय, मावशी."

काशीराम पेपरातून वर बघायला लागला. सुबोधनं खाली बघत सांगितलं, की पाटी फक्त वीस पावलं वर न्यायची. बाकी काही करायचं नाही. तुम्ही दोन वाक्यं बोला, खारं पाणी आलं होतं आणि पीक तगलं. त्यात खोटं काय आहे?

खोटं काय होतं ते तिघांनाही माहीत होतं. वनमालाला त्याचे खांदे आठवले. बांधही दिसला, तात्पुरता, गोण्यांचा, पुढच्या वर्षीच्या उधाणाची वाट बघणारा. त्याची नोकरी मार्चमध्ये संपणार होती, हे त्यानं सांगितलं नाही, पण हर्षदनं तिला आधीच सांगितलं होतं.

"ने पाटी," ती म्हणाली.

शेतीदिनाला बांधावर निळा-पांढरा मंडप पडला. खुर्च्या तरीतून आल्या. सहा घरांची माणसं आलीच, पण शेती सोडलेले आणि लॉनवालेही आले. मोठे साहेब पन्नाशीचे, शांत, टोपी घातलेले. त्यांनी वनमालाला नमस्कार केला, नाव विचारलं, तिच्याबरोबर वाफ्यात उतरले. ती पुढे, ते मागे. राता त्या वर्षी कमरेच्या वर गेला होता, लोंब्या लालसर झाल्या होत्या, कुसळं साडीला धरत होती. साहेबांनी एक लोंबी हातात घेतली. एक दाणा नखानं सोलला आणि तळहातावर ठेवला.

दाणा लाल होता. नवं भात पांढरं असतं, हे पिशवीवरच्या चित्रातसुद्धा होतं.

वनमालाला कानशिलं तापल्यासारखी वाटली. साहेबांनी सुबोधकडे पाहिलं. सुबोध दुसरीकडे बघत होता. साहेबांनी तळहात उलटा करून दाणा खाली टाकला, हात रुमालाला पुसला आणि म्हणाले, छान आहे. चला, लोक थांबलेत.

माइकसमोर तिनं पाठ केलेली दोन वाक्यं म्हटली. खारं पाणी चार दिवस उभं होतं. तरी पीक तगलं. टाळ्या पडल्या. तिच्या खांद्यावर शाल घातली, हातात नारळ दिला, आणि बांधाच्या खात्याचा माणूस तिच्या शेताचे फोटो मोबाइलवर काढत राहिला.

रात्याला न ओळखणारा एकही माणूस त्या सहा घरांत नव्हता. संध्याकाळी नीला पडवीत येऊन बसली आणि हसत हसत म्हणाली की साहेबाला चांगलंच गुंडाळलंस. हर्षदनं तेच मित्रांना फोनवर सांगितलं. वनमालालाही त्या दिवशी थोडं हसू आलं. मग भात कापताना, भारे बांधताना, झोडताना तिला ते हसू टोचायला लागलं. साहेबांना कळलं होतं. त्यांनी तिला खोटं बोलताना पकडलं होतं आणि तरी शाल घातली होती. चोरी पकडून सोडून दिलेल्या माणसाला जसं वाटत असेल तसं तिला वाटायचं, पण हे कुणापुढे बोलायची सोय नव्हती, कारण पत्र खरंच गेलं.

फेब्रुवारीत पोकलेन आलं. उघाडीला नवं दार बसलं. उघाडीपासून मधल्या भेंडीच्या झाडापर्यंत पक्का, रुंद, दगडाच्या पायाचा बांध उभा राहिला. वीस वर्षांत गावानं असं काम बघितलं नव्हतं. नीलाच्या शेतापुढची खांड मात्र भेंडीच्या पलीकडे होती. तो तुकडा दुसऱ्या टप्प्यात होता. दुसरा टप्पा, सुबोधनं सांगितलं, विद्यापीठाचा पूर्ण अहवाल गेला की. त्याचा करारही अहवाल होईपर्यंत वाढला होता. वनमालाच्या अंगणात येऊन त्यानं ही बातमी दिली तेव्हा पेढे आणले होते.

मेच्या मध्याला तो परत आला. वसईच्या खाडीकाठच्या एका गावात बियाणं वाटप होतं. तिथल्या लोकांना शास्त्रज्ञांचं पटत नाही, शेतकऱ्याचं पटतं, म्हणून वनमालामावशींनी येऊन चार शब्द बोलावेत असं साहेबांनी सुचवलं होतं.

वनमाला म्हणाली की तिला जमणार नाही, उन्हाचा त्रास होतो. त्यावर नीला पुढे झाली. ती सकाळपासून वनमालाकडे कैऱ्या फोडायला आली होती. "जा बाई," ती म्हणाली. "तेच दोन शब्द परत बोलायचे. माझ्यापुढचा बांध तेवढा होऊ दे." तिचे हात थांबले नव्हते, पण आवाज बदलला होता. गेल्या वर्षी तिच्या शेतात काहीच उरलं नव्हतं. पेंढासुद्धा नाही.

वनमाला गेली.

विद्यापीठाच्या जीपमध्ये मागे बियाण्याच्या पिशव्या होत्या. सुबोध पुढे बसून ड्रायव्हरशी बोलत होता. गाव खाडीला लागूनच होतं. तसाच बांध, तशीच तिवरं, तोच कुजका वास. शाळेच्या व्हरांड्यात चाळीसेक माणसं बसली होती. त्यात बाया जास्त. त्यांनी तिला बसायला खुर्ची दिली तेव्हा तिला अवघडल्यासारखं झालं, कारण त्यांच्या पायांच्या भेगांतला चिखल तिच्या पायांसारखाच होता.

सुबोध चांगलं बोलायचा. चिखलणी, खत, पेरणीचं अंतर, सगळं त्यानं सोपं करून सांगितलं. मग तिची ओळख करून दिली. तिनं उठून तीच दोन वाक्यं म्हटली. आता ती न अडखळता येत होती. टाळ्या पडल्या, पिशव्या वाटायला सुरुवात झाली, लोक सही-अंगठ्यासाठी रांगेत उभे राहिले.

रांगेतून एक म्हातारा तिच्याकडे आला. नाव लवू. गळ्यात टॉवेल, एक डोळा पांढरा पडलेला. त्यानं वाकून, हळू आवाजात विचारलं, जसं घरचं माणूस घरच्या माणसाला विचारतं.

"ताई, चार दिवस पाणी उभं होतं, नाय? डोक्यावरून?"

"होतं."

"मग बरं झालं. आमचा बांध असाच हाय, कधी जाईल सांगता येत नाय. आमचं जुनं लाल भात मी बियाण्याला ठेवत आलोय, बापापासनं. गावात आता एका माझ्याकडंच हाय. सून बोलते, कशाला दोन-दोन? ते भरडून टाका, सगळं शेत नव्यानं लावा." तो हसला. "तुम्ही बोललात म्हणून आता भरडतो."

तो उत्तरासाठी थांबलाही नव्हता. वळून रांगेकडे चालला होता. वनमालानं त्याच्या सदऱ्याची बाही धरली. आपण धरलीय हे तिला धरल्यावर कळलं.

"भरडू नका," ती म्हणाली.

त्यानं बघितलं.

"माझं नवं भात मेलं. चार दिवसांत सगळं करपलं. जे तगलं ते आमचं लालच होतं. मी खोटं बोलले."

तिचा आवाज मोठा नव्हता, पण जवळच्या दोन बायांनी ऐकलं आणि मागे वळून सांगितलं. रांग हलायची थांबली. सुबोध टेबलामागे पेन हातात धरून उभा होता. एका तरुण बाईनं त्याला विचारलं की हे खरं का. तो वनमालाकडे बघत राहिला. त्या नजरेत राग होता तेवढाच अविश्वास होता, जणू खांडीतलं पाणी होऊन ती त्याच्या अंगावर आली होती.

वनमाला मग सगळ्यांना ऐकू जाईल असं बोलली. पाठ केलेलं काही उरलं नव्हतं, त्यामुळे वाक्यं वेडीवाकडी आली. बियाणं वाईट नाही. बांध धड असेल, नुसती खारवट जमीन असेल, तिथं लावून बघा. पण पाणी शिरतं तिथं जुनंच ठेवा, आणि जुनं सगळं भरडू नका. हा मुलगा लबाड नाही. दोन दिवस आमच्या चिखलात उभा होता. पाटी मी हलवू दिली, शेत माझं होतं.

शेवटी कुणी पिशवी परत केली, कुणी अर्धीच घेतली. लवूनं एक घेतली. वरच्या अंगाला थोडं लावून बघतो म्हणाला, आणि तिला पाणी आणून दिलं.

परतीच्या वाटेवर सुबोध परत आलेल्या पिशव्यांचा हिशेब वहीत मांडत होता. भाईंदर मागे पडलं, उत्तनचा चढ गेला, गोराईच्या फाट्यावर जीप थांबली. ती उतरायला लागली तेव्हा तो समोर बघत म्हणाला, "एक वर्ष थांबला असतात, मावशी. बांध पुरा झाला असता. मग बोलला असतात."

"तोवर त्यानं भरडलं असतं रे."

"तुमच्या गावाचं काय?"

ती उतरली. जीप गेली. ती चालत घरी आली.

बातमी तिच्या आधी पोचली होती. त्या गावात गोराईच्या दोन लेकी दिल्या होत्या, आणि मोबाइल सगळ्यांकडे होता. पडवीत काशीराम एकटा बसला होता. त्यानं तिला आधी पाणी दिलं. ती पाणी पिऊन झाल्यावर म्हणाला, "मी असतो तर बोललो नसतो." थोड्या वेळानं पुन्हा म्हणाला, "माझ्याच्यानं झालं नसतं." त्यात कौतुक होतं की दोष, ते तिला त्या दिवशी कळलं नाही.

हर्षद जास्त बोलला. साहेबाला खोटं सांगितलं तेव्हा सगळे खूश होते, आता खरं सांगून वाट लावलीस, असं त्याचं म्हणणं. सून दीप्ती त्याला गप्प करत होती. पण गावाचं म्हणणं हर्षदच्या म्हणण्याहून वेगळं नव्हतं. मासळीबाजारात बाया बाजूला सरकायच्या. कुणी शिवी दिली नाही. भाव विचारला की भाव सांगायच्या, तेवढंच. नीला मात्र आली. अंगणातच उभी राहिली, वर चढली नाही.

"परक्या म्हाताऱ्याचं भात वाचवलंस," ती म्हणाली. "माझं शेत घालवलंस."

"नीला, तो सगळं भरडणार होता."

"आणि मी? मी काय पेरू, ते सांग." ती निघून गेली.

वनमालानं कणगीतला राता पायलीभर मोजून दीप्तीच्या हाती तिच्याकडे पाठवला. दुसऱ्या दिवशी तो पिशवीसकट पडवीच्या कठड्यावर ठेवलेला मिळाला. पिशवीची गाठसुद्धा सोडली नव्हती.

दुसरा टप्पा आला नाही. कुणी नाकारलाही नाही. अहवाल तपासणीसाठी थांबलाय एवढंच कळलं. सुबोधचा करार जूनमध्ये संपला. त्यानं हे वनमालाला सांगितलं नाही, हर्षदला मेसेज केला. तो वाकोल्यालाच असतो आणि खताच्या दुकानात बसतो, असं नंतर कुणी म्हणालं. वनमाला दोनदा त्याला फोन लावायला दीप्तीकडे गेली आणि दोन्ही वेळा दुसरंच काही बोलून परत आली. तिला त्याची माफी मागायची नव्हती. त्याच्या खांद्यांचं काय झालं, डाग राहिले का, असं काहीतरी विचारायचं होतं.

पाऊस लागला. पेरणी झाली. नीलानं कुठूनतरी बियाणं मिळवलं, कुठून ते तिनं सांगितलं नाही. भेंडीच्या अलीकडे नवा बांध मस्त उभा होता. त्यामुळे झालं असं की खाडीचं सगळं पाणी आता पलीकडच्या जुन्या, गोण्यांच्या तुकड्यावर जोर करायला लागलं. वनमालाचं शेत नव्या बांधाच्या आड आलं होतं. खोटं बोलून मिळालेला बांध तिच्याच शेतापुढे होता, आणि खरं बोलून गेलेला नीलाच्या. हे कुणी तिला तोंडावर म्हटलं नाही, पण शेतावर जाताना ती मान वर करून चालत नसे.

आषाढातल्या अमावास्येच्या आदल्या दिवशी ओहोटीला ती घमेलं घेऊन भेंडीच्या पलीकडे गेली. काशीराम फावडं घेऊन मागून आला. त्याला नको म्हटलं तरी आला. गोण्या कुजल्या होत्या, हात लावला की माती सांडायची. दोन ठिकाणी बांध आतून पोकळ झाला होता. काशीराम बसून चिकणमाती कापायचा, ती घमेल्यात घेऊन वर चढायची, पायानं दाबायची, परत उतरायची. पाऊस तिरका येत होता. अकरा घमेली झाल्यावर तिच्या कमरेत कळ आली आणि ती तशीच ओणवी थांबली. उद्या साडेबाराला भरती होती. दोघांच्या हातून एवढं होणारं काम नव्हतं, हे दोघांनाही दिसत होतं.

नीला आपल्या शेतात भाताच्या रोपांतलं, आवणातलं जादा पाणी बाहेर काढत होती. ती कधीपासून बघत होती कुणास ठाऊक. ती आली ती सरळ बांधावर चढली. वनमालानं बुजवलेल्या जागेवर तिनं टाच मारली. माती बसली, बाजूनं पाण्याचा बारीक धागा सुटला.

"नुसत्या चिखलानं हे राहायचं नाय," नीला म्हणाली. तिनं वनमालाच्या तोंडाकडे पाहिलं नाही. "आधी पेंढा कोंब."

"पेंढा कुठाय?"

"तुझ्या माळ्यावर असेल. माझ्याकडचा गेल्या वर्षी गेला."

वनमाला उठली. कमर सरळ व्हायला वेळ लागला. ती घराच्या दिशेनं निघाली, आधी चालत आणि मग, पाऊस वाढला तसं, जमेल तेवढं पळत. मागे नीलानं काशीरामच्या हातचं फावडं घेतलं आणि त्याला बाजूला व्हायला सांगितलं.